आठ कॉईन आले म्हणजे प्रॉव्हिन्स घ्यायचाच काय?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. खानापुरात तू आणि तुझा मावसभाऊ दोघंच डोमिनियन हा पत्त्यांचा खेळ खेळता, हातात आठ कॉईन आले की तू न चुकता प्रॉव्हिन्स, म्हणजे सगळ्यात जास्त पॉईंटचं पान, उचलतोस, पहिले दोन प्रॉव्हिन्स जवळजवळ दरवेळी तुझेच असतात, आणि तरी दहातले सात डाव भाऊ नेतो. त्याला सुरवातीला आठ आले तरी तो गोल्ड, म्हणजे पैशाचं पान, घेतो, तुला वाटतं हा काय करायलाय, आणि शेवटी मोजायला बसलं की त्याचे पाच आणि तुझे तीन. आपलं चुकतं कुठं, एवढंच तुला विचारायचंय.

मी बेळगावात शहापूरला साड्यांचं दुकान चालवतो आणि गेली अकरा वर्षं रविवारी दुपारनंतर वरच्या माळ्यावर आमचा डाव बसतो, पावसाळ्यात तर गिऱ्हाईक कमी म्हणून मधल्या वारीपण बसतो. आधी मीपण तुझ्यासारखाच खेळायचो, आठ दिसले की हात आपोआप प्रॉव्हिन्सच्या गठ्ठ्याकडं जायचा. त्यामुळं तुला नेमकं कुठं टोचतंय ते मला माहिताय.

ज्यांनी खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डोनाल्ड एक्स व्हॅकारिनो यांचा हा खेळ २००८ ला आला, २००९ ला त्याला जर्मनीचा श्पील देस यारेस मिळाला, आणि डेक, म्हणजे आपला पानांचा गठ्ठा, हळूहळू बांधत जायचा हा प्रकार लोकांना ह्याच खेळानं लावला. प्रत्येकाकडं सुरवातीला दहा पानं, सात कॉपर आणि तीन इस्टेट. पैशाची पानं तीन, कॉपर एक कॉईन देतं, सिल्व्हर दोन, गोल्ड तीन. पाच पानं हातात घ्यायची, एक ॲक्शन करायची, एक वस्तू विकत घ्यायची, सगळं आपल्या टाकलेल्या पानांत जातं, गठ्ठा संपला की पिसून परत सुरू. पॉईंट देणारी पानं तीन, इस्टेट दोन कॉईनला एक पॉईंट, डची पाचला तीन, प्रॉव्हिन्स आठला सहा. प्रॉव्हिन्स संपले किंवा कुठलेही तीन गठ्ठे संपले की डाव संपला. दोघांत प्रॉव्हिन्स आठच असतात, तिघं-चौघं असले की बारा.

आता मुद्द्याला येतो. प्रॉव्हिन्स सहा पॉईंट देतो पण हातात आला की काहीच करत नाही. पैसा नाही, ॲक्शन नाही, पाचातली एक जागा अडवून बसतो. म्हणजे त्याची किंमत आठ कॉईन ही नुसती दुकानातली किंमत झाली, खरी किंमत पुढं प्रत्येक वेळी तो हातात येईल तेव्हा हप्त्यानं भरायची असते. सहाव्या टर्नला घेतलेला प्रॉव्हिन्स तुला तीन-चार वेळा परत भेटतो, चौदाव्या टर्नला घेतलेला बहुतेक एकदापण भेटत नाही. पॉईंट मात्र दोघांचे सहाच. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं त्यातनंच निघतं. तुमच्याकडं भाताची शेती असणार, तर बियाण्याला ठेवलेलं भात पेरणीआधीच कांडून खाल्लं तर काय होईल ते तुला मी सांगायची गरज नाही.

नुसत्या शब्दांनी पटत नसेल तर हिशेब करून बघ की. समज पहिल्या पाच टर्नला तू पाच सिल्व्हर घेतलीस. म्हणजे डेकमध्ये सात कॉपर, तीन इस्टेट, पाच सिल्व्हर, अशी पंधरा पानं, एकूण सतरा कॉईन. पाच पानांच्या हाताला सरासरी ५.६७. सहाव्या टर्नला नशिबानं तीन सिल्व्हर आणि दोन कॉपर आली, आठ झाले. आता गोल्ड घेतलंस तर सोळा पानांत वीस कॉईन, हाताला ६.२५. प्रॉव्हिन्स घेतलास तर सोळा पानांत तेच सतरा, हाताला ५.३१. दोन्हीत फरक जवळजवळ एका कॉईनचा, आणि तोपण एकदाचा नाही, पुढच्या प्रत्येक हाताला. सहाच्या वर सरासरी असलेला माणूस पुढच्या हातांत दुसरं गोल्ड घेतो, तिसरं घेतो, आणि सव्वापाचवाला परत सिल्व्हर घेत बसतो. तुझ्या भावाचं गणित हेच आहे, त्याला ते आकड्यात सांगता येत नसेल पण हाताला कळलंय.

मग घ्यायचा कधी? पाच पानांत आठ पाहिजेत म्हणजे पानाला सरासरी १.६ पाहिजे. वीस पानांचा डेक धर, त्यात बत्तीस कॉईन आहेत, बरोबर आठाची सरासरी. एक प्रॉव्हिन्स आला की ७.६, दुसरा आला की ७.२७, तिसऱ्याला ६.९६, चौथ्याला ६.६७. बघितलंस ना, घसरण आहे पण डेक मोडत नाही, कारण सरासरी सात असली तरी दोन हातांतला एक हात आठाच्या आसपास जातोच. पण हीच घसरण ५.६७ पासून सुरू केलीस तर दोन प्रॉव्हिन्सनंतर तू बरोबर पाचावर असतोस आणि मग तिसरा, चौथा येणार कुठनं. तुझे तीन आणि त्याचे पाच होतात ते इथंच. साधा पैशाचा डाव असेल, म्हणजे ॲक्शन एक-दोनच आणि बाकी सिल्व्हर-गोल्ड, तर माझा नियम असा की डेकमध्ये दोन गोल्ड असल्याशिवाय पहिला प्रॉव्हिन्स घ्यायचा नाही. एक गोल्ड असेल आणि सिल्व्हर पाच-सहा असतील तर चालवून घेतो. गोल्ड एकपण नाही आणि आठ आले, तर ते नशिबाचे आठ आहेत, त्याचं गोल्ड करून टाकायचं.

आता एक गोष्ट सांगतो जी बहुतेक लोक वर्षानुवर्षं खेळून पण बघत नाहीत. घेतलेलं पान लगेच डेकमध्ये जात नाही, ते टाकलेल्या पानांवर पडतं आणि पुढच्या पिसण्यापर्यंत तिथंच झोपून राहतं. वीस पानांचा डेक म्हणजे चार टर्नला एकदा पिसणं. म्हणजे नुकतंच पिसलंय आणि लगेच पहिल्या हाताला आठ आले, तर तो प्रॉव्हिन्स पुढचे तीन हात तुला त्रासच देणार नाही. त्याच वेळी गोल्ड घेतलंस तर तेपण तीन हात झोपून राहणार. उलटं बघ, गठ्ठ्यात दोनच पानं उरलीत आणि आठ आले, आता जे घेशील ते ह्या टर्नच्या शेवटी पुढचा हात ओढतानाच पिसण्यात जाणार. अशा वेळी गोल्डची किंमत सगळ्यात जास्त आणि प्रॉव्हिन्सचा त्रासपण सगळ्यात जास्त. म्हणून विकत घेण्याआधी माझी नजर हातावर नसते, उरलेल्या गठ्ठ्यावर असते. पाचाच्या वर पानं आहेत की खाली? पाच किंवा जास्त असतील तर आत्ता पिसलं जाणार नाही, पाचापेक्षा कमी असतील तर जाणार. मधल्या काळात जिथं गोल्ड की प्रॉव्हिन्स असा खरंच प्रश्न पडतो, तिथं नव्वद टक्के वेळा मी हे बघूनच ठरवतो. नुकतंच पिसलंय, प्रॉव्हिन्स घ्या. पिसायला आलंय, गोल्ड घ्या.

आणि शेवटचं पिसणं ओळखायला शिक. आमच्या धंद्यात लगीनसराई संपत आली की नवा माल भरत नाहीत, कितीपण स्वस्त गावला तरी, कारण तो रॅकवर चढेपर्यंत गिऱ्हाईक गेलेलं असतं. डावात तसंच. प्रॉव्हिन्स तीन उरलेत, दोघांचेही डेक आठ करायलेत, तू आत्ताच पिसलंयस आणि गठ्ठ्यात अजून तीन-चार हातांची पानं आहेत. आता घेतलेलं गोल्ड तुला ह्या डावात कधीच दिसणार नाही. तरी लोक सहा आले की सवयीनं गोल्ड घेतात, मी स्वतः बघितलंय, आणि दोन पॉईंटनं हरतात. तिथं डची घ्यायची, तीन पॉईंट फुकट, कारण तीपण हातात येणार नाही म्हणजे त्रास शून्य.

डचीचा माझा हिशेब असा. दोघांच्या डावात चार-पाच प्रॉव्हिन्स उरले की पाच कॉईनला सिल्व्हर किंवा पाचाचं ॲक्शन सोडून डची. दोन-तीन उरले की सहा आणि सातलापण गोल्ड सोडून डची. आणि दोनच उरले की हातात दोन-तीन-चार जे येईल त्याची इस्टेट, रिकाम्या हातानं टर्न सोडायचा नाही. लोक इस्टेटला हसतात. आमच्याकडचे कितीतरी डाव एका पॉईंटनं गेलेत.

बरोबरीचा नियम पण लक्षात ठेव, पॉईंट सारखे झाले तर ज्याचे टर्न कमी झालेत तो जिंकतो. टर्न पण सारखे असतील तर दोघं मिळून. म्हणजे दुसऱ्या नंबरला बसलेल्याला हा अर्ध्या पॉईंटचा आधार आहे.

आता सगळ्यात चुरशीची जागा, दोन प्रॉव्हिन्स उरलेले असतात ती. ह्यावर मी दोन वर्षांपूर्वी जुलैतला एक डाव सांगतो, बाहेर झोडपून पाऊस, करंट गेलेला, आम्ही इन्व्हर्टरवरच्या एका दिव्याखाली बसलेलो. समोर माझा रोजचा भिडू, वडगावचा, घरी कन्नड, डावात मराठी, आणि पत्ते मोजताना परत कन्नड. सहा प्रॉव्हिन्स गेलेले, तीन त्याचे तीन माझे. त्याच्याकडं एक डची आणि सुरवातीच्या तीन इस्टेट. माझ्याकडं डची नाही, पण इस्टेट चार. म्हणजे तो चोवीस आणि मी बावीस, दोन पॉईंटनं मागं. टर्न माझा आणि हातात बरोबर आठ.

मी जर प्रॉव्हिन्स घेतला असता तर अठ्ठावीस विरुद्ध चोवीस, चार पॉईंटनं पुढं, छान दिसतं. पण एकच उरतो, त्याला आठ आले की तो उचलणार, तीस विरुद्ध अठ्ठावीस, डाव त्याचा. मी त्याच्यासाठी दार उघडून दिल्यासारखं झालं असतं. म्हणून मी आठ कॉईन असताना पाचाची डची घेतली. पंचवीस विरुद्ध चोवीस, एका पॉईंटनं पुढं, आणि दोन्ही प्रॉव्हिन्स तिथंच. आता तोच प्रश्न त्याच्यापुढं. त्यानं घेतला तर तीस, आणि शेवटचा मी घेतला तर माझे एकतीस. त्यानं डची घेतली तर सत्तावीस, मग परत माझ्यावर. असं डचीवर डची चालू राहतं जोवर कुणाचा तरी धीर सुटत नाही किंवा कुणाला तरी एका टर्नमध्ये दोन घ्यायची सोय होत नाही. तो बराच वेळ माझ्या टाकलेल्या पानांकडं बघत बसला, त्यात माझं एक गोल्ड वर दिसत होतं, आणि त्यानं धरलं की माझ्याकडं आता आठ येणार नाहीत. "साकु," म्हणजे बास झालं, म्हणाला आणि प्रॉव्हिन्स घेतला. मला मात्र माहीत होतं की पिसल्यापासून माझी तीन गोल्डांतली दोन अजून आलेली नाहीत आणि हा हात ओढण्याआधी गठ्ठ्यात सहाच पानं होती. पुढचा हात आधीच ओढून झालेला, उचलला, गोल्ड, गोल्ड, सिल्व्हर, कॉपर, इस्टेट. नऊ. शेवटचा प्रॉव्हिन्स घेतला, एकतीस-तीस.

त्यात नशीब होतं, नाही म्हणत नाही, पण नशीबाला बसायला जागा त्या डचीनं केली. नियम म्हणून असं धर, दोन उरलेत आणि तू मागं आहेस तर उपांत्य प्रॉव्हिन्स घ्यायचा नाही. तू एका पॉईंटनं जरी पुढं आहेस तर खुशाल घे, मग त्याला शेवटचा मिळाला तरी तो एका पॉईंटनं मागंच राहतो. बरोबरी असेल आणि तू दुसऱ्या नंबरला खेळणारा असशील तरी घे, कारण त्यानं शेवटचा घेतला तर पॉईंट सारखे आणि त्याचा टर्न एक जास्त, जिंकलास तू. पहिल्या नंबरला असशील आणि त्यानं शेवटचा घेतला तर डाव दोघांत वाटला जातो, म्हणून तिथं मी डचीच बघतो. ह्या सगळ्याला एक अट, समोरच्याकडं एक्स्ट्रा बाय, म्हणजे त्याच टर्नमध्ये आणखी एक वस्तू घ्यायची मुभा, देणारं पान नसलं पाहिजे. मार्केट किंवा फेस्टिव्हल त्याच्या डेकमध्ये असेल आणि तो तेरा कॉईन करू शकत असेल, तर प्रॉव्हिन्ससोबत डचीपण नेतो आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. आणि पॉईंट मोजत राहिलास तरच हे जमतं. कागदावर लिहू नको, डोक्यात फक्त फरक ठेव, "मी दोननं मागं, मी एकनं पुढं", बास.

वर सगळं साध्या पैशाच्या डावाचं झालं. व्हिलेज, स्मिथी, लॅबोरेटरी, मार्केट अशी जादा पानं ओढू देणारी आणि जादा ॲक्शन देणारी पानं असतील आणि कुणी पूर्ण डेक एका टर्नमध्ये ओढायची व्यवस्था करत असेल, तर तिथं अजून थांबायचं. असा डेक बांधायला वेळ लागतो, पण एकदा लागला की सोळा कॉईन आणि दोन बाय, एका टर्नला दोन प्रॉव्हिन्स. समोरचा तीन प्रॉव्हिन्सनं पुढं गेला तरी तीन टर्नमध्ये तू उरलेले पाचही घेऊ शकतोस. पण इथं एक चूक लई जण करतात, पंधरा-सोळा कॉईन करतात आणि बाय एकच. आठ घेऊन आठ वाया. बायचं पान आधी घ्यायला पाहिजे, नंतर डेक हिरवा व्हायला, म्हणजे त्यात पॉईंटची पानं वाढायला, लागल्यावर ते घ्यायला टर्न गावत नाही. आणि अशा डेकमध्ये हिरवी पानं पैशाच्या डेकपेक्षा जास्त घात करतात, कारण तिथं हात पाच पानांचा नसून साखळीचा असतो. व्हिलेज पाहिजे त्या जागी प्रॉव्हिन्स आला की साखळी तिथंच तुटते आणि अख्खा टर्न फुकट जातो. म्हणून तिथं एक-एक प्रॉव्हिन्स सुरवातीपासनं गोळा करायचा नाही, डेक पूर्ण ओढला जातोय अशी खात्री झाली की मग सुरू करायचं आणि थांबायचं नाही.

तुम्ही चॅपल वापरता असं तू लिहिलंयस. चॅपल दोन कॉईनचं पान, हातातली चारपर्यंत पानं एकदम डावातनं कायमची घालवतं, त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्यानं डेक बारीक झाला की प्रत्येक प्रॉव्हिन्सचं वजन वाढतं. दहा पानांत सोळा कॉईन असतील तर हाताला आठ, एक प्रॉव्हिन्स आला की थेट ७.२७. तेच पंचवीस पानांत चाळीस कॉईन असतील तर एका प्रॉव्हिन्सनं ७.६९ वर येतं. म्हणजे चॅपलवाला आठाला लवकर पोचतो पण तिथनं लवकर घसरतो, म्हणून त्यानं प्रॉव्हिन्स आणि गोल्ड आलटूनपालटून घेत जावं, आठ आले प्रॉव्हिन्स, सात आले गोल्ड, डची शेवटपर्यंत नको.

हल्ला करणारी पानं असली की सगळं मागंपुढं होतं. विच, म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात कर्स हे पॉईंट घटवणारं निरुपयोगी पान मारणारं पान, असेल, दोघांच्या डेकात पाच-पाच कर्स पडलेत, तर आठ करणंच मुश्कील. तिथं आठही प्रॉव्हिन्स संपतील अशी वाट बघायची नाही. असे डाव बऱ्याचदा तीन गठ्ठ्यांवर संपतात, दोघांच्या खेळात कर्स दहाच असतात म्हणजे एक गठ्ठा तिथंच गेला, दुसऱ्या क्रमांकाला डची, आणि मग तिसरं काहीतरी. तिथं मी डची लवकर सुरू करतो, प्रॉव्हिन्स सगळे जागेवर असले तरी. मिलिशियाचं मात्र उलटं. मिलिशिया तुझा हात तीन पानांवर आणतं, आणि तीन पानांत आठ करायचे तर गोल्ड, गोल्ड, सिल्व्हर ह्याशिवाय पैशात दुसरा सोपा रस्ता नाही, म्हणून सिल्व्हरच्या जिवावर तिथं जाता येत नाही, गोल्ड जास्त पाहिजेत. पण टाकायची दोन पानं तूच निवडतोस आणि ती हिरवी असली तर तुझं नुकसान काहीच नाही, म्हणून मिलिशियाच्या डावात डेक थोडा हिरवा झाला तरी एवढं दुखत नाही. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

रीमॉडेल असेल तर शेवटाला ते सोन्यासारखं आहे. चार कॉईनचं पान, हातातलं एक पान घालवायचं आणि त्याच्यापेक्षा जास्तीत जास्त दोननं महाग पान घ्यायचं. सहाचं गोल्ड गेलं, आठाचा प्रॉव्हिन्स आला, आणि बाकी पैशानं दुसरं काहीतरी. शेवटच्या पिसण्यानंतर गोल्डचा ह्यापेक्षा चांगला उपयोग नाही. आणि पुढं असशील तर प्रॉव्हिन्स घालवून प्रॉव्हिन्सच घ्यायचा, तुझे पॉईंट तेवढेच, पण गठ्ठा एकानं कमी झाला, डाव लवकर संपला. पुढं असलेल्यानं डाव संपवायला बघायचं, मागं असलेल्यानं लांबवायला, हे रमी-मेंढीकोटवाल्यालापण कळतं, फक्त इथं संपवायची किल्ली तुझ्या हातात असते.

गार्डन्सबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे, कारण तुझा भाऊ गोल्डच्या मागं असेल तर त्याला इथं पकडता येईल. गार्डन्स चार कॉईनला, तुझ्या डेकातल्या दर दहा पानांमागं एक पॉईंट. एकटं गार्डन्स घेऊन काही होत नाही. पण वर्कशॉप टेबलावर असेल, जे चारपर्यंतचं पान फुकट देतं, तर वर्कशॉप दहा, गार्डन्स आठ, इस्टेट आठ असे तीन गठ्ठे तू एकटाच संपवायला निघायचं. समज सगळे तुलाच मिळाले, तुझी दहा आणि ही सव्वीस, छत्तीस पानं, प्रत्येक गार्डन्सला तीन पॉईंट, आठांचे चोवीस, अकरा इस्टेटचे अकरा, पस्तीस झाले. समोरच्यानं पाच प्रॉव्हिन्स घेतले तरी तीस आणि त्याच्या इस्टेट तीन, तेहतीस. आणि तू इतका वेगानं संपवतोस की त्याचे पाच होतच नाहीत. पण समोरच्यानं ओळखलं आणि दोन-तीन गार्डन्स उचलली की हा बेत कोसळतो, म्हणून आधी वर्कशॉप दोन-तीन, मग गार्डन्स एकदम, इस्टेट सगळ्यात शेवटी.

ड्यूक नावाचं पॉईंटचं पान पाचचं आहे आणि तुझ्याकडं जितक्या डची तितके त्याचे पॉईंट, तर आधी डची पाच तरी कर आणि मगच ड्यूककडं वळ. सहा डची चार ड्यूक म्हणजे अठरा आणि चोवीस, बेचाळीस, आणि त्यासाठी आठ कधीच करावे लागत नाहीत, पाच बास. डेक सिल्व्हरचा ठेवायचा, गोल्डची गरज नाही. प्रॉस्पेरिटी ही जोडपेटी घेतलीत तर त्यात कॉलनी आहे, अकराला दहा पॉईंट, आणि प्लॅटिनम, नऊला पाच कॉईन. कॉलनीच्या डावात आठ-नऊवर प्रॉव्हिन्स घेणं म्हणजे तुझी जुनीच चूक परत करणं. नऊ आले की प्लॅटिनम. प्रॉव्हिन्स तिथं शेवटी, डचीच्या जागी.

तू अजून एक विचारलं होतंस, की पावसाळ्यात पानं फुगून एकमेकांना चिकटतात, त्यावर काय करायचं. खानापूरचा पाऊस बघता हे होणारच, आमच्याकडं शहापुरात पण होतं, आणि हा नुसता पानं जपायचा प्रश्न नाही. चिकटलेली पानं पिसली जात नाहीत. एकत्र टाकलेली दोन हिरवी पानं तशीच चिकटून परत वर येतात, तुझे तीन-तीन हिरव्यांचे हात येतात आणि तुला वाटतं नशीब वाईट. सगळ्या पानांना प्लॅस्टिकचे स्लीव्ह घाल, स्टँडर्ड युरो साइझचे बसतात, पेटीत पाचशे पानं आहेत म्हणजे खर्च आहे, पण निदान पैशाच्या, पॉईंटच्या आणि कर्सच्या पानांना तरी आधी घाल, कारण तीच जास्त फिरतात. पण एका डेकात काही पानांना स्लीव्ह आणि काहींना नाही असं करू नको, वरनं हात लावला की कळतं कुठलं आहे ते. म्हणून त्या दिवशी खेळायला काढलेल्या दहा गठ्ठ्यांनापण घालायला पाहिजे, तर मग थोडे थोडे करत सगळ्यांनाच घालून टाक. पेटीत तांदळाची छोटी पुरचुंडी ठेव, दर पंधरा दिवसांनी बदल. आणि पिसताना गठ्ठा दोनदा-तीनदा कापून थांबू नको, टेबलावर सात ढीग कर, एकेक पान वाटत जा, मग ढीग एकमेकांवर ठेवून नीट पिस. भावाला पण तसंच पिसायला लाव.